कॅरम बोर्ड आणला म्हणजे प्रमाणपत्र मिळालं?

वाळूज एमआयडीसीत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: कॅन्टीनमध्ये कॅरम ठेवा, थंडीत हुरडा पार्टी करा, की ‘ग्रेट प्लेस टू वर्क’चं, म्हणजे काम करायला उत्तम कंपनी असल्याचं, प्रमाणपत्र आलंच. नाही हो. मुख्य भिस्त असते कर्मचाऱ्यांनी भरलेल्या गोपनीय प्रश्नावलीवर. त्यात विश्वासार्हता, आदर, न्याय्य वागणूक, अभिमान आणि आपसातला जिव्हाळा असे पाच पैलू तपासतात. मौजमजा मोडते ती मुख्यतः शेवटच्या पैलूत. तीही लागतेच, नाही असं नाही. पण रात्रपाळीचा ओव्हरटाइम अडकलेला गडी शेतात शेंगदाण्याच्या चटणीसोबत गरम हुरडा मिटक्या मारत खाईल, साहेबासोबत फोटोही काढेल, आणि सोमवारी प्रश्नावलीत खरं तेच लिहील. मिळालंच तरी प्रमाणपत्राची मुदत १२ महिने.