दोघीही जर्मन, पण एक जर्मनीची आणि एक रशियाची

अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेतले नेब्रास्का-कॅन्ससकडचे कागद चाळायला घेतले की थोड्याच वेळात गोंधळ उडतो. एका ओळीत शेतकऱ्याची मुलगी: नाव कॅथरिना, मातृभाषा जर्मन, आईबाप जर्मनीचे. पुढे दुसरी कॅथरिना, तीही शेतकऱ्याचीच, मातृभाषा जर्मनच. फक्त आईबापांचं जन्मस्थान रशिया. मीही बरीच वर्षं दोघींना ‘जर्मन स्थलांतरितांच्या मुली’ म्हणून एकाच टोपलीत टाकत होते. नावं तीच, बायबल तेच, नाताळचं गाणंही तेच. तरी घरात, शेतात आणि सरकारदरबारी दोघींची आयुष्यं चांगलीच वेगळी होती.

रशियावालीची गोष्ट आधी, कारण खरी गुंतागुंत तिच्याकडे आहे. राणी कॅथरिन दुसरी हिने १७६३ साली जाहीरनामा काढून परदेशी लोकांना रशियात वसायला बोलावलं. जमीन देऊ, धर्म तुमचा तुम्ही पाळा, सैन्यात भरती करणार नाही, अशी आश्वासनं होती. हेसेन, पॅलाटिनेट अशा जर्मन भागांतली गरीब कुटुंबं निघाली आणि व्होल्गा नदीकाठी त्यांच्या शंभराहून जास्त वसाहती उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी लोक काळ्या समुद्राकडे, ओडेसाच्या आसपास वसले. शंभर वर्षं हे लोक रशियन मुलखात राहून आपापसांत जर्मनच बोलत राहिले. १८७१ मध्ये झारने त्यांचा खास दर्जा काढून घेतला आणि १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. मग बोचकी बांधून मंडळी अमेरिकेला निघाली. आणि योगायोग असा की ज्या १८७१ मध्ये त्यांच्या सवलती गेल्या, त्याच वर्षी ‘जर्मनी’ नावाचं एकसंध राष्ट्र जन्माला आलं. म्हणजे यांचे पूर्वज जो देश सोडून गेले असं आपण म्हणतो, तो ते निघाले तेव्हा नकाशावर नव्हताच.

जर्मनीवालीची गोष्ट सरळ आहे. मेक्लेनबुर्ग, पोमेरेनिया, वेस्टफालिया अशा प्रांतांतून बाप थेट आला. विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय किंवा नेब्रास्कात शेत घेतलं. १८८० च्या दशकात ही लाट सर्वांत मोठी होती. उत्तरेकडचे असतील तर घरात प्लाटडॉइच ही बोली आणि चर्चमध्ये प्रमाण जर्मन. मुलगी गाई दुभायची, लोणी काढायची, कोंबड्या सांभाळायची. चौदाव्या वर्षाच्या आसपास तिची ‘कन्फर्मेशन’ (चर्चची पूर्ण सभासद होण्याचा विधी) झाली की शाळा बहुधा संपायची. मग गावातल्या एखाद्या घरी कामाला राहायची आणि पगार बापाच्या हातात. रशियावालीचंही यात फार वेगळं नव्हतं.

फरक दिसतो तो जमिनीत. व्होल्गाकाठी गावाची जमीन सामाईक असायची आणि ठरावीक वर्षांनी तिची फेरवाटणी व्हायची. हिशोब घरातल्या पुरुष डोक्यांवर. मुलगा झाला की पुढच्या वाटणीत घराचा वाटा वाढणार, मुलगी झाली तर काही नाही. अशा घरातली मुलगी अमेरिकेत आली तेव्हा इथे १८६२ चा होमस्टेड कायदा होता: १६० एकर जमीन, पाच वर्षं राहून कसायची, मग मालकी तुमची. अविवाहित बाईलाही २१ वर्षं पूर्ण झाली की स्वतःच्या नावाने अर्ज करता यायचा. लग्न झालेलीला मात्र नाही. कायद्याने दार उघडलं म्हणून घरातली रीत लगेच बदलली असं कुणी समजू नये, पण ज्या हिशोबात आपण मोजलोच जात नव्हतो तो हिशोब इथे चालत नाही, हे त्या मुलींना कळलं असणारच.

राहण्याची पद्धतही निराळी. जर्मनीवालीचं घर आपल्या शेतात, शेजारी लांबवर. कॅन्ससच्या एलिस काउंटीत १८७६ पासून वसलेल्या व्होल्गावाल्यांनी मात्र जुन्या सवयीने गावठाण वसवलं आणि शेतं बाहेर ठेवली. तिथल्या व्हिक्टोरिया गावात त्यांनी जे प्रचंड दगडी चर्च बांधलं, त्यासाठी बारा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदामागे वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड असा हिशोब घरांना लावला होता. या हिशोबात मात्र मुलीही धरल्या होत्या!

सरपणाचा प्रश्न दोन्हीकडे होता, कारण प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानावर, झाडं नव्हती. पण रशियातल्या तशाच गवताळ मैदानावर, स्टेपवर, राहून आलेल्यांकडे त्याचं उत्तर तयार होतं: शेण. आपल्याकडे गोवऱ्या थापतात. हे लोक गोठ्यातलं शेण आणि पेंढा अंगणात पसरून त्यावर घोडे फिरवायचे. थर घट्ट बसला की फावड्याने चौकोनी विटा कापायच्या, उन्हात उलटसुलट करून वाळवायच्या आणि रचून ठेवायच्या. विटा उलटवायचं काम बायकापोरांचं.

आणि बीट. साखरेच्या बीटचं तेव्हाचं बी म्हणजे गोळाच. एका गोळ्यातून चार-पाच अंकुर यायचे. म्हणून विरळणी हातानेच. मोठा माणूस आखूड दांड्याच्या कुदळीने रोपांचे झुबके सोडत पुढे जायचा आणि मागून पोरं गुडघ्यांवर रांगत प्रत्येक झुबक्यात एकच रोप ठेवायची. शरद ऋतूत काढणी: दोन बीट एकमेकांवर आपटून माती झाडायची आणि टोकाला आकडी असलेल्या सुऱ्याने पाल्याचा शेंडा छाटायचा. करार एकरावर आणि पूर्ण कुटुंबाशी, त्यामुळे दहा वर्षांची मुलगीसुद्धा ‘हात’ म्हणून धरली जायची. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात स्थिरावलेली व्होल्गावाली कुटुंबं वसंतात कोलोरॅडो किंवा पश्चिम नेब्रास्काकडे निघायची ती थंडीच्या तोंडावर परतायची. तोवर शाळेचे कित्येक आठवडे बुडालेले. साखरेच्या हंगामासाठी घरच्या घरं हलतात तेव्हा पोरांच्या शाळेचं काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. छायाचित्रकार लुईस हाइन यांनी १९१५ मध्ये कोलोरॅडोत काढलेल्या फोटोंत या मुली बीटच्या ढिगांमागे उभ्या दिसतात. जर्मनीवाल्या शेतमालकाची मुलगी या कामावर सहसा दिसायची नाही.

पहिल्या महायुद्धात सगळं उलटंपालटं झालं. जून १९१८ मध्ये १४ वर्षांवरच्या जर्मन प्रजाजन बायकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून नोंदणी करावी लागली, फोटो आणि बोटांच्या ठशांसकट. जन्माने अमेरिकन असलेली, पण नागरिकत्व न घेतलेल्या जर्मन माणसाशी लग्न केलेली बाईही यात आली, कारण १९०७ च्या कायद्याने नवऱ्याचं नागरिकत्व तेच तिचं. रशियावाली कागदोपत्री झारच्या प्रजेतली, म्हणून या नोंदणीतून सुटली. रस्त्यावर मात्र सुटका नव्हती. आयोवाच्या गव्हर्नरने २३ मे १९१८ ला सार्वजनिक ठिकाणी, फोनवर आणि चर्चमध्येही फक्त इंग्रजीच बोलायचं असं फर्मान काढलं, तेव्हा पासपोर्ट कुणाचा हे कोण विचारणार? शेजाऱ्यांच्या तोंडी ती एरवी ‘रशियन’, युद्धात ‘जर्मन’. नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवीपर्यंत परकी भाषा शिकवायलाच बंदी केली. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ‘मेयर विरुद्ध नेब्रास्का’ खटल्यात मोडून काढली.

आज कुणी आपल्या पणजीचा शोध घेताना फसतो तो बोटीच्या कागदांतल्या बंदराच्या नावाने. ब्रेमेन किंवा हँबुर्ग हे जर्मन बंदर दिसलं की ‘आम्ही ब्रेमेनचे’ म्हणून मोकळे. रशियावालेही रेल्वेने येऊन तिथूनच बोटीत बसत. पाहायचं ते गावाचं नाव: नोर्का, फ्रँक, बाल्झर, साराटोव किंवा ओडेसा असेल तर ती रशियाचीच.

गावाचं नाव नसेल आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर कलिंगडाला काय म्हणायचे ते विचारावं. जर्मनीवाली ‘वासरमेलोने’ म्हणेल. रशियावाली ‘आर्बूस’ म्हणेल. हा शब्द तिने रशियनमधून उचलला, रशियनने तुर्की बोलींमधून आणि त्यांनी फारसीतून. फारसीतला मूळ शब्द खरबुझा, म्हणजे आपलं खरबूज.