मेंदूच्या कर्करोगातील डॉक्टर-संशोधकांचे प्रशिक्षण

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कर्करोगाचे रुग्ण तपासायचे आणि त्याच रोगावर प्रयोगशाळेतही काम करायचे, अशा दुहेरी तयारीचा डॉक्टर घडवणारी शिक्षणपद्धती. तिची घडी अमेरिकेत सर्वांत नीट बसली. तिथे १९६४ पासून एम.डी. आणि पीएच.डी. एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमाला सरकारी निधी मिळतो.

अशा डॉक्टरांची गरज किती आहे हे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अतिशय आक्रमक कर्करोगाकडे पाहिले की कळते. २००५ च्या प्रसिद्ध चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांच्या जगण्याचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. मूळ उपचार आजही तोच आहे.

वाट लांबलचक आहे. एकत्रित पदवीला साधारण ८ वर्षे, मग न्यूरॉलॉजीची ४ किंवा न्यूरोसर्जरीची ७ वर्षे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राबून घेतलेले विशेष प्रशिक्षण, आणि त्यापुढे बहुधा १ ते २ वर्षांची न्यूरो-ऑन्कॉलॉजी (मेंदूच्या कर्करोगाची) फेलोशिप. खरी अडचण मधल्या टप्प्यात येते. पीएच.डी.त बसलेला हात रेसिडेन्सीच्या रात्रपाळ्यांत सुटतो आणि परत येईपर्यंत तंत्रेही बदललेली असतात. म्हणून चांगले विभाग रेसिडेन्सीतच सलग एक-दोन वर्षे संशोधनासाठी मोकळी ठेवतात. आठवड्यातून एक दुपार देऊन भागत नाही. पेशी सुट्टीच्या दिवशीही वाढतात.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे ऑपरेशन थिएटर ते प्रयोगशाळा हे अंतर. रुग्णाची लेखी संमती शस्त्रक्रियेआधी घ्यायची. निघालेल्या गाठीवर पहिला हक्क निदानाचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, उरलेले संशोधनाला. त्यातला एक तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा, दुसरा पेशी जिवंत राहाव्यात म्हणून बर्फावरच्या थंड पोषक द्रवात न्यायचा. तुकडा गाठीच्या मधल्या मृत भागातला असेल तर त्यात जिवंत पेशी जवळपास नसतातच. तो नेमका कुठून घेतला हे सर्जनलाच ठाऊक असते, म्हणून नोंद तिथल्या तिथे करायची. पुढे पेशी सीरमविना (म्हणजे रक्तातला द्रवांश न घालता) वाढवायच्या, ईजीएफ आणि एफजीएफ ही वाढद्रव्ये सहसा प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घालून. सीरम घातले तर पेशी जोमाने वाढतात, पण मूळ गाठीशी त्यांचे साम्य उरत नाही. पेशींचा डीएनए ठसा रुग्णाच्या रक्ताशी जुळवायला विसरू नये. जगभर वापरली जाणारी यू-८७ ही पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी, ज्या रुग्णाची समजली जात होती त्याची नाहीच, हे २०१६ साली उघड झाले.

उंदराच्या मेंदूत पेशी सोडताना दोन-तीन मायक्रोलिटर द्राव सावकाश सोडून सुई काही मिनिटे तशीच ठेवावी लागते. घाईने काढली तर पेशी सुईच्या वाटेने वर येतात आणि गाठ मेंदूऐवजी कवटीखाली वाढते. गाठ उंदराच्या कुशीत वाढवणे सोपे, पण तिथे रक्तातली बहुतेक औषधे मेंदूत शिरू न देणारा रक्त-मेंदू अडथळा नसतो. तिथे गुणकारी ठरलेले औषध मेंदूत पोहोचेलच असे नाही.

फेलोशिपनंतर प्रश्न उरतो वेळेचा. के-०८ या तरुण डॉक्टर-संशोधकांसाठीच्या अमेरिकी सरकारी अनुदानात कामाचा ७५ टक्के वेळ संशोधनाला राखावा लागतो. काही संस्था सर्जनना ५० टक्क्यांची सवलत देतात. कागदावर राखलेला हा वेळ वाढत्या ओपीडीत विरघळतो. तेव्हा नेमणूक स्वीकारण्यापूर्वी ओपीडीचे आणि शस्त्रक्रियेचे दिवस विभागप्रमुखाकडून लेखी ठरवून घ्यावेत.

महाराष्ट्रातून एम.बी.बी.एस. करून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच पाहावी. टी-३२ (प्रशिक्षणासाठीचे सरकारी अनुदान) आणि के-०८ साठी अमेरिकी नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. के-९९ या स्वतंत्र संशोधनाकडे वळणाऱ्यांच्या अनुदानाला ती अट नाही. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर रेसिडेन्सी केली तर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन येते. त्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ रुग्णसेवा. ती सेवा मोलाचीच, पण नेमक्या त्याच वर्षांत प्रयोगशाळा हातची जाते.

भारतात एम.डी. किंवा एम.एस., त्यापुढच्या डी.एम. किंवा एम.सीएच. या अतिविशेष पदव्या आणि पीएच.डी. या वाटा बहुतेक ठिकाणी वेगळ्याच आहेत. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात मात्र रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत. लहान मुलांत आढळणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचे चार रेणवीय (जनुकांच्या फरकावरून ठरणारे) उपगट ओळखणारी चाचणी तिथे तयार झाली. गोठवलेला तुकडा नसला तरी पॅथॉलॉजीच्या कपाटात मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर ती करता येते.