अठ्ठावन्नाला निवृत्त होताय? ‘सिनियर सिटिझन’चं खातं तीन महिन्यांच्या आत काढा

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक आणि रयत शिक्षण संस्थेसारख्या अनुदानित शाळांतले गुरुजी-बाई वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, म्हणजे पोस्टाच्या खिडकीवरची ‘सिनियर सिटिझन’, ही मात्र साठी पूर्ण झालेल्यांची, असा सगळ्यांचा समज. मग ‘अजून दोन वर्षं आहेत’ म्हणून ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम ओळखीच्या पतसंस्थेत जाते, एक-दीड टक्का जास्त व्याजाच्या भरवशावर.

हा समज अर्धाच खरा आहे. साठ पूर्ण झालेल्या कुणालाही हे खातं काढता येतं. पण ५५ ते ६० या वयात नियत वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्यांनाही ते काढता येतं. अट अशी की, निवृत्तीचे लाभ हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरले पाहिजेत. नोव्हेंबर २०२३ पूर्वी ही मुदत एकच महिन्याची होती. मुदत हुकली, तर साठी पूर्ण होईपर्यंत थांबायचं. सेनादलातून निवृत्त झालेल्यांना वयाची अट ५० वर्षांची आहे, बाकी नियम असेच. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातल्या बहुतेक जवानांना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण ते चाळिशीतच घरी येतात. त्यांना साठीचीच वाट पाहावी लागते. अनिवासी भारतीयांना आणि हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने हे खातं मिळत नाही.

तीन महिने कधीपासून मोजायचे, इथे खरी गडबड होते. निरोप समारंभाच्या तारखेपासून नव्हे, तर पैसे मिळाल्याच्या तारखेपासून. आणि पैसे कधीच एकरकमी येत नाहीत. भविष्य निर्वाह निधी आधी येतो, उपदान (म्हणजेच ग्रॅच्युइटी) नंतर, अंशराशीकरण (पेन्शनच्या काही भागाऐवजी आधीच मिळणारी रक्कम) आणि रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) आणखी मागाहून, गटविम्याची रक्कम कधी येईल ते त्या टेबलावरच्यालाच ठाऊक. म्हणून ज्या बचत खात्यात हे सगळं जमा होतं त्याच्या पासबुकात प्रत्येक नोंद छापून घ्या. रक्कम कधी मिळाली याचा तोच पुरावा. सगळे हप्ते येईपर्यंत थांबू नका. पहिली मोठी रक्कम आली की तिचं खातं काढा, पुढची आली की दुसरं. एकाच व्यक्तीला अनेक खाती चालतात, फक्त सगळी मिळून रक्कम ३० लाखांच्या वर जाता कामा नये.

दुसरा कागद म्हणजे जिथे नोकरी केली तिथला दाखला. तुम्ही कोणत्या पदावर, किती काळ होता, कशा प्रकारे निवृत्त झालात आणि कोणते लाभ मिळाले, हे सगळं त्यात हवं. नुसता सेवानिवृत्तीचा आदेश दाखवला तर खिडकीवरून परत पाठवतात, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. दाखला निवृत्तीच्या आधीच, सेवापुस्तक पूर्ण करताना मागून ठेवा. त्यावर सही करणारे साहेब बदलून गेले की फेऱ्या सुरू होतात. लाभांचा तपशील नंतर भरून घेता येईल, पण मसुदा तयार असला की निम्मं काम झालं.

बाकी कागद नेहमीचेच: आधार, पॅन, फोटो, केवायसीचा फॉर्म आणि वयाचा पुरावा. साठी ओलांडलेल्यांना दाखल्याची भानगड नाही, एवढ्यावर भागतं. वारसाचं नाव त्याच दिवशी लावा. खातं पोस्टात किंवा सरकारी बँकेत निघतं. व्याज थेट जमा व्हावं म्हणून त्याच ठिकाणी बचत खातंही असू द्या. किमान रक्कम १,००० रुपये, पुढे हजाराच्या पटीत. एक लाखाच्या आत रोख चालते, त्यावर चेक लागतो. पती-पत्नींचं संयुक्त खातं चालतं, पण सगळी रक्कम पहिल्या नावाची धरली जाते, त्यामुळे त्याने मर्यादा दुप्पट होत नाही. पत्नीही स्वतः पात्र असेल तर तिचं स्वतंत्र खातं, स्वतंत्र ३० लाख.

या योजनेवर एजंटला कमिशन मिळत नाही. म्हणून ‘काका, त्यापेक्षा ही पॉलिसी बघा’ असं कुणी सांगितलं, तर कारण समजून घ्या.

व्याजाचा दर एप्रिल २०२३ पासून वर्षाला ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करतं, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा दर विचारून घ्या. पण ज्या दराने खातं उघडलं तो पाच वर्षं बदलत नाही. १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये हातात येतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला. न काढलेल्या व्याजावर व्याज चढत नाही. व्याज करपात्र असतं, आणि एप्रिल २०२५ पासून साठी ओलांडलेल्यांचं वर्षाला एक लाखाच्या, साठीच्या आतल्यांचं ५० हजारांच्या वर गेलं की टीडीएस (व्याज देतानाच घेतला जाणारा कर) कापतात. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल, तर तसा जाहीरनामा (आजवर १५एच, साठीच्या आतल्यांसाठी १५जी म्हणत आलो तो) दरवर्षी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच भरून द्या. जुनी करप्रणाली घेतली असेल तर भरलेल्या रकमेवर करसवलतही आहे (आजवर ८०सी म्हणत आलो ती), दीड लाखांपर्यंत.

पतसंस्थेचा मुद्दा टाळून चालणार नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विम्याचं संरक्षण असतं, तेही एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच. पतसंस्थेतल्या ठेवीला तेवढंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा हे पाच लाख म्हणजे काय ते या भागाला कळलं. आयुष्यभराची पुंजी ठेवताना दीड टक्क्यासाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही, असं माझं मत. भिशीचे थोडे पैसे ठेवा हवं तर.

तरीही सगळीच रक्कम इथे अडकवू नका. या खात्यातून मधूनच थोडे पैसे काढता येत नाहीत, त्यावर कर्ज मिळत नाही. खातं बंदच करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत केलं तर मुद्दलातून दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात. वर्षाच्या आतच मोडलं तर त्याहून जास्त बसतं. दोन-तीन वेगळी खाती असली की अडीअडचणीला त्यातलं एक मोडून बाकीची शाबूत राहतात, हाही तुकड्यांत आलेल्या पैशांचा फायदा. घरातल्या लग्नासाठी, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लागणारे पैसे आधीच साध्या ठेवीत बाजूला काढा.

पाच वर्षं झाली की खातं आपोआप वाढत नाही. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज दिला की तीन वर्षं वाढवून मिळतात, आणि आता तीन-तीन वर्षांनी पुन्हा पुन्हा वाढवता येतं. व्याज मात्र मुदत संपली त्या दिवशी लागू असलेल्या दराने मिळतं, जुन्या नव्हे.