केवळ इंटरनेट आले म्हणून व्यवसाय डिजिटल होत नाहीत

नियोजित अर्थव्यवस्थेतून बाजारव्यवस्थेकडे वळलेल्या देशांबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: इंटरनेट आणि संगणक आले की व्यवसाय आपोआप डिजिटल होतात, कायदे मागाहून येतात. हा समज चुकीचा आहे.

त्याच्या पुष्टीसाठी पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियाचे नाव हमखास घेतले जाते, पण तिथला क्रम नेमका उलट होता. २००० मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा कायदा झाला आणि तिला हाताने केलेल्या सहीइतकीच वैधता मिळाली. २००१ मध्ये सरकारी नोंदी परस्परांशी जोडणारी ‘एक्स-रोड’ यंत्रणा आली, २००२ पासून इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रे दिली जाऊ लागली आणि या पायावरच २००७ मध्ये कंपनीची नोंदणी ऑनलाइन करता येऊ लागली. इंटरनेट आवश्यक होतेच. परंतु करार न्यायालयात टिकेल याची खात्री नसती, तर कोणत्या व्यावसायिकाने कागद सोडला असता?

युक्रेनचा अनुभव अधिक बोलका आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीचा कायदा २००३ मध्येच झाला होता, तरीही कागदपत्रांवर कंपनीचा गोल शिक्का मागण्याची कार्यालयीन पद्धत टिकून राहिली, आणि अखेर सरकारी कार्यालयांनी तो मागू नये यासाठी २०१७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे निव्वळ एक कायदा पुरत नाही. तो राबवणाऱ्या संस्थांच्या कामाची रीतही बदलावी लागते. याउलट, २०१६ मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘प्रोझोरो’ ही ऑनलाइन प्रणाली कायद्याने बंधनकारक झाली, तेव्हा सरकारला माल विकू इच्छिणाऱ्या लहान पुरवठादारांनाही तिच्यावरच निविदा भराव्या लागल्या.