दिवा लागतो, तबकडी फिरते, तरी ड्राइव्ह चालत नाही : वीज कमी पडणे वेगळे, डेटा न पोहोचणे वेगळे

बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला लावला आणि तो चालला नाही, की बहुतेक जण एकच वाक्य उच्चारतात : “लॅपटॉप ड्राइव्ह ओळखत नाही.” या एका वाक्यात दोन अगदी वेगळे बिघाड कोंबलेले असतात. एक म्हणजे ड्राइव्ह आणि लॅपटॉप यांच्यातला डेटाचा मार्ग तुटणे. दुसरा म्हणजे मार्ग शाबूत असूनही ड्राइव्हच्या मोटरला पुरेशी वीज न मिळणे. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि तरीही विजेअभावी अडलेल्या ड्राइव्हसाठी लोक ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घालण्यात अख्खी संध्याकाळ घालवतात, हे मी फार वेळा पाहिले आहे.

डेटाचा बिघाड बहुतेकांच्या परिचयाचा असतो. केबल केवळ चार्जिंगची निघते, पिन सैल असते किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, ड्राइव्हच्या नावावर पिवळे चिन्ह दिसते. केबल बदलावी, दुसरे पोर्ट वापरून पाहावे, ड्रायव्हर पुन्हा घालावा; याहून अधिक सांगण्यासारखे त्यात नाही.

विजेच्या बाबतीत गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. भिंतीतल्या प्लगमध्ये लावतो त्या चार्जरच्या ठोकळ्यालाही आपण अ‍ॅडॉप्टर म्हणतो आणि लॅपटॉपच्या नव्या, लहान यूएसबी-सी (थोडक्यात सी) पोर्टात घालून पुढे जुनी चौकोनी यूएसबी पिन बसवता येते त्या बोटभर तुकड्यालाही अ‍ॅडॉप्टरच म्हणतो. पहिला वीज पुरवतो. दुसरा फक्त पिनेचा आकार बदलतो. “अ‍ॅडॉप्टर लावला आहे, मग वीज कमी कशी पडेल?” हा प्रश्न या नावाच्या सारखेपणातून येतो. तो छोटा तुकडा स्वतःची वीज आणत नाही. लॅपटॉपचे पोर्ट जेवढी देईल तेवढीच पुढे जाते, आणि तुकडा हलक्या दर्जाचा, सैल बसणारा असेल तर तेवढीही धड पोहोचत नाही. त्या तुकड्याला ‘कन्व्हर्टर’ म्हणावे, असा माझा आग्रह आहे.

यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे पोर्टाने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर प्रवाह द्यायचा असतो, यूएसबी ३.० च्या नियमाप्रमाणे ९००. थांबलेल्या तबकडीला गती देताना मात्र अनेक सडपातळ ड्राइव्ह क्षणभर एक अँपिअरच्याही, म्हणजे १००० मिलिअँपिअरच्याही, वर जातात. व्होल्टेज कमी असताना विहिरीवरची मोटर उचलत नाही, नुसती घुमत राहते, आणि त्याच वेळी खोपटातला बल्ब मंद का होईना जळत असतो. इथे नेमके तेच घडते. ड्राइव्हवरच्या दिव्याला काही मिलिअँपिअर पुरतात, त्यामुळे दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली एवढेच कळते. पुरेशी पोहोचली की नाही, हे त्यावरून कधीच कळत नाही.

दुसरा फसवा पुरावा पेनड्राइव्हचा आहे. “याच कन्व्हर्टरवर पेनड्राइव्ह चालतो, म्हणजे कन्व्हर्टर चांगला आहे,” असे ठामपणे सांगितले जाते. पेनड्राइव्हमध्ये फिरणारी मोटर नसते आणि त्याची विजेची गरजही थोडी असते. तो चालला याचा अर्थ डेटाचा मार्ग ठीक आहे, एवढाच. उलट पेनड्राइव्ह चालतो आणि डीव्हीडी ड्राइव्ह अडखळतो, तेव्हा संशय आधी विजेवर घ्यायला हवा. लोक मात्र तिथूनच ड्रायव्हरकडे वळतात.

माझ्या आत्याच्या सी.टी. स्कॅनची सीडी उघडायची होती तेव्हा हेच झाले. लॅपटॉपला सी पोर्ट, त्याला स्वस्तातला कन्व्हर्टर, त्यापुढे ड्राइव्ह. सीडी घातली की घुर्र आवाज चढायचा, टक्कन् तुटायचा, पुन्हा चढायचा. दर वेळी विंडोजचा जोडणी तुटल्याचा आणि लगेच जुळल्याचा आवाज यायचा, आणि यादीत ड्राइव्हचे नाव दिसून नाहीसे व्हायचे. हे दिसणे-नाहीसे होणे ही वीज कमी पडण्याची सर्वांत बोलकी खूण आहे. डेटाच्या तारा तुटलेल्या असत्या तर नाव मुळात आलेच नसते. घरातल्या दोघांनी तोवर ड्रायव्हर तीनदा बदलला होता. शेवटी स्वतःचा चार्जर असलेला हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टे करणारी डबी, मध्ये घातला आणि पहिल्याच फेरीत सीडी उघडली.

असा हब हीच माझ्या मते खरी कसोटी आणि खरा उपायही. मात्र हबला स्वतःचा चार्जर हवा. चार पोर्टांचा नुसता हब लॅपटॉपच्या त्याच तुटपुंज्या विजेची वाटणी करतो आणि अडचण वाढवतो. याला ठळक अपवाद सुपरड्राइव्हचा, म्हणजे अ‍ॅपलच्या बाहेरून जोडायच्या डीव्हीडी ड्राइव्हचा : तो हबवर लावू नये, अ‍ॅपलच्या सी कन्व्हर्टरमधून थेट मॅकला जोडावा. काही ड्राइव्हच्या केबलला दोन यूएसबी पिना असतात. त्यांतली दुसरी पीन जादा वीज घेण्यासाठीच दिलेली असते, आणि ती ‘जादाची’ समजून लोंबकळत ठेवलेली पाहिली की मला मनापासून वाईट वाटते.

वेगासाठी महागडा ३.० कन्व्हर्टर घ्या, हा दुकानातला सल्ला मला पटत नाही. आठपट वेगाने वाचली जाणारी डीव्हीडी सेकंदाला सुमारे ८९ मेगाबिट मागते आणि यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिटची आहे. ३.० पोर्टाचा इथे उपयोग होतो तो त्याच्या ९०० मिलिअँपिअरमुळे.

सीडी वाचली जाते पण नवी डीव्हीडी लिहिताना काम अर्ध्यात तुटते, तेव्हाही आधी वीजच तपासावी, कारण लिहिताना लेसरला अधिक शक्ती लागते. ड्राइव्हचे नाव स्थिर दिसत असूनही एखादीच सीडी उघडत नसेल, तर दोष बहुधा त्या सीडीचा असतो. मऊ कापडाने ती मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये.