मेंदूतला सैल खटका

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉबरमन कुत्र्यांचं एक जुनं चित्रण आहे, मी ते कितीतरी वेळा बघितलंय. जमिनीवर खाऊचे छोटे तुकडे ओळीने मांडलेत. कुत्रा शेपटी हलवत येतो, पहिला तुकडा तोंडात घेतो आणि त्याचे मागचे पाय गळतात, मग पुढचे, मग हनुवटी जमिनीला टेकते. डोळे मात्र उघडेच. काही सेकंद तसाच पडून राहतो, उठतो, दुसऱ्या तुकड्याकडे जातो, परत तेच. फिट आलेली नाही, बेशुद्ध नाही, भूल दिलेली नाही. खाऊ मिळाल्याचा आनंद झालाय, बस्स. या कुत्र्याला नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार आहे, तो माणसांनाही होतो.

नार्कोलेप्सी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कुंभकर्ण येतो, म्हणजे खूप झोपणारा माणूस, आणि घरच्यांच्या भाषेत आळशी. हे साफ चुकीचं आहे. या लोकांच्या 24 तासांतल्या झोपेची बेरीज केली तर ती साधारण तुमच्याआमच्याइतकीच भरते. दिवसा ते बोलता बोलता, जेवता जेवता झोपतात, पण रात्री त्यांची झोप सारखी मोडते. त्यांचा प्रॉब्लेम झोप जास्त असण्याचा नाहीच, झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पातळ झाल्याचा आहे. साधारण 2000 माणसांत एकाला हा आजार असतो आणि योग्य निदान व्हायला कित्येकदा दहा-दहा वर्षं जातात, तोवर शाळेत बोलणी, ऑफिसात बोलणी, घरी बोलणी. मला या गोष्टीचा खरंच राग येतो.

आजाराला नाव दिलं जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1880 मध्ये. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं कारण कोणालाच सापडत नव्हतं. स्टॅनफर्डमध्ये झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट यांनी हा आजार असलेली कुत्री जमवली, त्यात डॉबरमन आणि लॅब्राडोरमध्ये तो आईबापाकडून पिल्लांत येतो असं दिसलं, म्हणजे कुठलंतरी एक जनुक बिघडलेलं असणार. ते शोधायला तिथल्याच एमानुएल मिन्यो यांना सुमारे दहा वर्षं लागली, कारण तेव्हा कुत्र्याच्या जनुकांचा नकाशाच तयार नव्हता. तिकडे डॅलसमध्ये मासाशी यानागिसावा यांच्या टीमने 1998 मध्ये हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या छोट्या भागात बनणारं एक रसायन शोधलं होतं, त्यांना वाटलं हे भुकेचं आहे म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं ओरेक्सिन (त्याच वर्षी दुसऱ्या एका टीमला तेच सापडलं, त्यांनी नाव ठेवलं हायपोक्रेटिन, आणि आजही दोन्ही नावं चालतात). ओरेक्सिन नसलेले उंदीर तयार केले, दिवसा सगळं ठीक दिसत होतं. पण उंदीर रात्रीचा प्राणी, म्हणून अंधारात इन्फ्रारेड कॅमेरा लावला तर उंदीर पळता पळता धपकन पडताना दिसले. 1999 च्या ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही पेपर आले: उंदरांत ओरेक्सिन नाही, कुत्र्यांत ओरेक्सिन पकडणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याची खाच, बिघडलेला. एकाकडे किल्ली नाही, दुसऱ्याचं कुलूप मोडलंय, दार दोघांचंही उघडत नाही.

माणसांत काय होतं ते पुढच्याच वर्षी कळलं. मरण पावलेल्या पेशंट्सचे मेंदू तपासले तर ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी 85 ते 95 टक्के गायब. निरोगी मेंदूत या पेशी असतात किती, तर साधारण 70 हजार. आपल्या मेंदूत एकूण 86 अब्ज न्यूरॉन आहेत, म्हणजे 12 लाखांत एक. एवढ्याशा पेशी गेल्या तर माणसाचा अख्खा दिवस विस्कटतो, मला हे अजूनही थक्क करतं.

आता माझा आवडता भाग, इथे जरा सावकाश वाचा. मेंदूत जागं ठेवणाऱ्या पेशींचे काही गट आहेत, कोणी हिस्टामिन सोडतं, कोणी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, कोणी सेरोटोनिन. (सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती याचमुळे, त्या हिस्टामिन अडवतात.) दुसरीकडे हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात झोपवणाऱ्या पेशी आहेत. हे दोघं एकमेकांना दाबतात. जागवाले जोरात असले की झोपवाले गप्प, आणि झोपवाले गप्प म्हणून जागवाल्यांना अजून जोर. अशा रचनेत मधली अवस्था टिकतच नाही, भिंतीवरच्या दिव्याच्या खटक्यासारखं, एकतर इकडे नाहीतर तिकडे. फायद्याचंच आहे ते, अर्धवट झोपेत चालणारा प्राणी जगणार कसा. पण अशा खटक्याचा एक तोटा असतो, दोन्ही बाजूंची ताकद बरोबरीला आली की तो जराशा धक्क्याने पलटतो. तिथे ओरेक्सिन कामाला येतं. ते जागवाल्या सगळ्या गटांना पाठबळ देतं, म्हणजे खटक्यावर एक बोट सतत दाबून ठेवल्यासारखं. बोट काढलं की खटका सैल, दिवसभर इकडून तिकडे. आणि सैल खटका दोन्हीकडे पलटतो, म्हणून रात्रीची झोपही तुटते.

असाच दुसरा खटका आहे आरईएम झोपेचा, ज्यात स्वप्नं पडतात. या झोपेत ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून, मज्जारज्जूला आदेश जातो आणि स्नायूंना हलवणाऱ्या पेशी बंद केल्या जातात, फक्त श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू वगळून. नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पळालो असतो. फ्रेंच संशोधक मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या ब्रेनस्टेममधला एक बारीक भाग निकामी केला तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून शिकार केल्यासारखी झडप घालत होती. निरोगी माणसाला झोप लागल्यावर साधारण दीड तासाने आरईएम येतं, नार्कोलेप्सीत पंधरा मिनिटांच्या आत येऊ शकतं, आणि त्याचे तुकडे चक्क जागेपणी घुसतात. जोरात हसू आलं की भावनांच्या केंद्राकडून, म्हणजे अमिग्डालाकडून, या खटक्याला धक्का बसतो. आपल्यालाही बसतो बरं का, हसून हसून मुरकुंडी वळते तेव्हा अंगातला जोर जातो तो खराच जातो, पायाच्या स्नायूंचा रिफ्लेक्स मोजला तर हसताना तो कमी झालेला दिसतो. पण आपलं ओरेक्सिन खटका पलटू देत नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याचा आधी जबडा सैल पडतो, पापण्या लवतात, मान झुकते, मग गुडघे सुटतात. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. दोनेक मिनिटांत माणूस उठतो आणि आजूबाजूला कोण काय बोललं ते सगळं त्याने ऐकलेलं असतं, हे आजूबाजूच्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे जाग आलीय पण शरीर हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. निरोगी माणसांनाही असं कधीमधी होतं. ते भूत नाही, हडळ नाही, करणी तर अजिबात नाही, आरईएमचं कुलूप उघडायला जरा उशीर झालाय आणि स्वप्नाचा तुकडा अजून चालू आहे. अशा माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात जी वर्षं वाया जातात ती परत मिळत नाहीत.

मग या पेशी मारतं कोण? बहुधा आपलीच रोगप्रतिकारशक्ती. कॅटाप्लेक्सी असलेल्या 90 टक्क्यांहून जास्त पेशंट्समध्ये एचएलए या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकाचा एकच विशिष्ट प्रकार सापडतो, अर्थात तो प्रकार असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, ठिणगी बाहेरून पडावी लागते. 2009 च्या स्वाइन फ्लूनंतर बीजिंगमध्ये नव्या केसेस वाढल्या आणि त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेलीच नव्हती. युरोपात पॅन्डेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या एका लशीनंतरही वाढल्या, फिनलंड आणि स्वीडनमध्ये ते नीट नोंदवलं गेलं. त्यावरून सगळ्या लशी वाईट असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी बीजिंगची गोष्टही सोबत सांगावी.

उपचारांत आजवर मुख्यतः उत्तेजक गोळ्या, म्हणजे दिवा विझू नये म्हणून सारखं वारा अडवत बसणं. आता ओरेक्सिनचीच जागा घेणारी गोळी येऊ घातलीय. ओरेक्सिन स्वतः प्रोटीनचा तुकडा, पोटात पचून जातो आणि मेंदूत नीट पोचत नाही, म्हणून ओरेक्सिनच्या दोन रिसेप्टरपैकी दुसऱ्यामध्ये (कुत्र्यांत बिघडलेला तोच) बसेल असा छोटा रेणू बनवावा लागला. पहिल्या गोळीने पेशंट जागे राहिले पण काहींच्या लिव्हरवर परिणाम झाला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यानंतरच्या ओव्हेपोरेक्सटॉनचे चांगले निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, जाग राहण्याची वेळ वाढली, कॅटाप्लेक्सीचे झटके कमी झाले. माणसांत हे जमतं कारण किल्ली बनवणाऱ्या पेशी गेल्या तरी कुलूप शाबूत असतं. ज्या डॉबरमन कुत्र्यांमुळे हे सगळं कळलं त्यांचं कुलूपच मोडलेलं होतं, त्यांना ही गोळी दिली असती तरी खाऊच्या पहिल्या तुकड्यालाच पाय गळाले असते.