बावन्न सेकंद: राष्ट्रगीत, सक्ती आणि मुंबईची थिएटरं

राष्ट्रगीत चालू असताना मान वळवू नये, पण मी एकदा वळवली. परळच्या बाजूचं मल्टिप्लेक्स, रात्रीचा खेळ. पडद्यावर तिरंगा फडकत होता. शेजारच्या गृहस्थांना पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवायला सवड मिळाली नव्हती, म्हणून तो त्यांनी छातीशी धरला होता. पुढच्या रांगेतल्या आजी समोरच्या खुर्चीची पाठ धरून कशाबशा उभ्या होत्या. दोनेकशे माणसं, सगळी उभी, आणि म्हणत कोणीच नव्हतं. एक सात-आठ वर्षांचा पोरगा तेवढा म्हणत होता. ‘पंजाब सिंध’ला त्याचा आवाज जरा चढला, तसं आईनं त्याला कोपरानं ढोसलं.

राष्ट्रगीत म्हणायची सक्ती असावी का, हा वाद दर दोन-चार वर्षांनी उकरला जातो आणि दर वेळी भलतीकडेच जातो. राष्ट्रगीत म्हणणं, ते चालू असताना उभं राहणं आणि दुसरे म्हणत असताना त्यात विघ्न न आणणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यानं त्यांची गल्लत फारशी कधी केली नाही. गल्लत झाली ती आपल्या डोक्यात, आणि त्यात थिएटरांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात थिएटरात नव्हती, सभेत होती. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला. त्याची आठवण म्हणून बांधलेला गेटवे पुरा व्हायला १९२४ उजाडलं. त्याच डिसेंबरच्या २७ तारखेला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ‘जन गण मन’ पहिल्यांदा म्हटलं गेलं. त्या दिवशी बादशहाच्या स्तुतीचं एक हिंदी गाणंही झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ करून बातम्या छापल्या, आणि ‘भाग्यविधाता म्हणजे जॉर्ज’ ही कंडी शंभर वर्षांनंतरही व्हॉट्सॲपवर सुखानं नांदते आहे. टागोरांनी १९३७ सालच्या एका पत्रात ती सपशेल धुडकावली होती, पण पत्रं कोण वाचतो! मूळ गीत पाच कडव्यांचं, आपण म्हणतो ते पहिलं कडवं. ते ठरलेल्या चालीत साधारण ५२ सेकंदांत संपतं. पहिली आणि शेवटची ओळ घेऊन वाजवायचं एक छोटं रूपही आहे, ते २० सेकंदांचं.

त्या काळात प्रश्न उलटा होता. म्हटल्याबद्दल शिक्षा व्हायची. आपल्याकडचं ठळक उदाहरण निजामाच्या राज्यातलं. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली, त्यावर बंदी आली, आणि ते लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचलं. शेकडो मुलांची नावं काढून टाकण्यात आली. नागपूर विद्यापीठानं त्यातल्या अनेकांना प्रवेश दिला, म्हणून त्यांची शिक्षणं पुरी झाली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यातलेच एक. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांकडून या ‘वंदे मातरम् चळवळी’च्या आठवणी ऐकताना एक गोष्ट जाणवते. गाण्याचा अर्थ, कडवी, चाल याबद्दल ती फार बोलत नाहीत. ‘म्हणू नका म्हणाले, म्हणून म्हटलं,’ एवढंच सांगतात.

‘वंदे मातरम्’ला बॅंडची चाल बसत नाही, हा स्वातंत्र्यानंतर त्याला राष्ट्रगीत करण्याविरुद्धचा एक मोठा आक्षेप होता. ती बसते हे दाखवायला मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी जिवाचं रान केलं, दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांना गाऊन दाखवलं. पण १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या प्रतिनिधींना राष्ट्रगीत मागितलं गेलं तेव्हा हाताशी होतं ते ‘जन गण मन’चं ध्वनिमुद्रण. ते तिथल्या वाद्यवृंदानं वाजवलं, लोकांना आवडलं, आणि पारडं झुकलं. नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये हे सगळं सभागृहात सांगितलं आहे. शेवटी २४ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटनेवर सदस्यांच्या सह्या झाल्या त्याच दिवशी, राजेंद्रप्रसादांनी एक निवेदन वाचलं: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. ना ठराव, ना मतदान. ज्या घटनेवर सह्या झाल्या तिच्यात तर राष्ट्रगीताचा उल्लेखच नव्हता. तो आला १९७६ साली ४२व्या दुरुस्तीनं, मूलभूत कर्तव्यांच्या यादीत. आणि तिथेही शब्द आहे ‘आदर’.

त्याआधीचा, १९७१ चा, राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धचा कायदा काय म्हणतो ते एकदा नीट वाचण्यासारखं आहे. राष्ट्रगीत म्हणणाऱ्यांना जो मुद्दाम अडवील, किंवा ते म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालील, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. बस. न म्हणणारा या कलमात येत नाही. उभं राहण्याची गोष्ट येते ती गृह मंत्रालयाच्या सूचनांमध्ये: राष्ट्रगीत चालू असताना श्रोत्यांनी सावधान उभं राहावं. पण माहितीपटात किंवा वृत्तपटात, चित्रपटाचाच भाग म्हणून ते आलं, तर उभं राहण्याची अपेक्षा नाही, कारण त्यानं गोंधळच व्हायचा. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थिएटर. इंग्रजांच्या अमलात खेळ संपला की ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजे. स्वातंत्र्यानंतर ती प्रथा गेली आणि १९६२च्या चीन युद्धानंतर दुसऱ्या गाण्यानिशी परत आली: खेळ संपल्यावर राष्ट्रगीत. माझे वडील तेव्हा लालबागला राहायचे आणि ‘भारतमाता’ला जायचे. ते सांगायचे, नायक-नायिका डोंगरावर भेटले रे भेटले की मागच्या रांगांमधून खुर्च्यांचा खडखडाट सुरू व्हायचा. ‘समाप्त’ दिसेपर्यंत निम्मं थिएटर दाराशी. कुणाला शेवटची लोकल गाठायची, कुणाला पहाटेच्या पाळीला गिरणीत हजर व्हायचं. जे दारात अडकले ते तिथेच सावधान, बाकीचे जिन्यात. त्या माणसांना देशाबद्दल प्रेम नव्हतं असं म्हणायची माझी तरी छाती नाही. युद्धनिधीत अंगावरचं सोनं देणारी बायामाणसं याच चाळींमधली. सत्तरच्या दशकात ही प्रथा हळूहळू बंद पडली, आणि तिच्यासाठी कुणी गळा काढल्याचं ऐकिवात नाही.

२००३ साली महाराष्ट्र सरकारनं ती परत आणली, पण या वेळी खेळाच्या आधी. शहाणपणाचा निर्णय म्हणायचा, कारण चित्रपट सुरू व्हायच्या आधी उठून जाणारा मुंबईकर अजून जन्मायचा आहे. त्यामुळे देशातल्या इतर शहरांना २०१६ साली जे नवं वाटलं, त्याची मुंबईला तेव्हा तेरा वर्षांची सवय होती.

मधला केरळचा खटला मात्र या सगळ्या गोष्टीचा कणा आहे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं, दहावीत, नववीत आणि पाचवीत. देव सोडून कशाचीही स्तुतिगीतं गायची नाहीत ही त्यांच्या पंथाची श्रद्धा. शाळेत राष्ट्रगीताला ती रोज अदबीनं उभी राहत, म्हणत मात्र नसत. वर्षानुवर्षं कुणाचं त्यावाचून अडलं नाही. मग १९८५ साली एका आमदारांच्या नजरेला ते पडलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी समिती नेमली गेली. समितीनं अहवाल दिला की मुलं सरळमार्गी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. तरीही २६ जुलै १९८५ रोजी मुलांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयानं राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला आणि यात कुणाच्या धर्माला खटकण्यासारखं काही नाही, असं म्हणून अर्ज फेटाळला.

सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी तो निकाल फिरवला. गीतात खटकण्यासारखं काय आहे हा प्रश्नच नव्हे, ते म्हणाले. मुलांची श्रद्धा खरी आहे का, एवढाच प्रश्न. ती खरी होती. राष्ट्रगीत म्हणायलाच हवं असा कायदा नाही, शिक्षण खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचं बळ नाही, आणि जो आदरानं उभा राहतो त्यानं गप्प राहून अनादर केला असं होत नाही. याच पंथाच्या मुलांवरून अमेरिकेतही हा पेच आला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४० साली झेंड्याला सलामीची सक्ती उचलून धरली आणि तीन वर्षांत, ऐन महायुद्धात, स्वतःचा निकाल मोडून काढला. रेड्डींनी त्याचा दाखला घेतला. त्यांचं शेवटचं वाक्य वकिलांना तोंडपाठ असतं: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपली घटना ती आचरणात आणते, तिच्यात पाणी घालू नका.

१९३८ साली म्हटलं म्हणून नाव कापलं, १९८५ साली म्हटलं नाही म्हणून. दोन्ही वेळा मुलांनी दंगा केला नव्हता, दोन्ही वेळा वर्ग बुडाले.

सक्तीचा प्रश्न इथे मिटायला हवा होता. पण २००१ साली ‘कभी खुशी कभी गम’ आला. त्यात एक मुलगा परदेशातल्या शाळेत ‘जन गण मन’ म्हणतो. भोपाळच्या थिएटरात एक गृहस्थ उभे राहिले, मागचे लोक ‘बसा हो खाली’ म्हणून ओरडले. त्यांनी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात धाव घेतली. २००३ साली न्या. दीपक मिश्रा यांच्या खंडपीठानं ते दृश्य काढेपर्यंत चित्रपट दाखवू नका असं सांगितलं. वर सांगितलेला गृह मंत्रालयाचा अपवाद पुढे करून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालं. त्याच गृहस्थांनी नंतर पुन्हा अर्ज केला, तेव्हा मिश्रा सर्वोच्च न्यायालयात होते. ३० नोव्हेंबर २०१६चा आदेश त्यातून आला: प्रत्येक थिएटरात राष्ट्रगीत वाजलंच पाहिजे, पडद्यावर तिरंगा हवा, सगळ्यांनी उभं राहायचं, दारं बंद. दिल्लीच्या ‘उपहार’ थिएटरातली आग, बंद दारांमुळे माणसं आत अडकली होती ती, ज्यांच्या लक्षात होती त्यांच्या पोटात दारांच्या नावानं गोळा आला. दहा दिवसांच्या आतच खुलासा करावा लागला की दारांना कड्या घालायच्या नाहीत, आणि अपंगांना उभं राहण्यातून सूट आहे.

या आदेशातही ‘म्हणा’ असं कुठे नव्हतं. पण लोकांनी तोवर पोलिसगिरी हातात घेतलेली होतीच. २०१५च्या नोव्हेंबरात कुर्ल्याच्या एका मल्टिप्लेक्समधून एका कुटुंबाला उभं न राहिल्याबद्दल प्रेक्षकांनी हुसकावलं, त्याची चित्रफीत घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी गोव्यात व्हीलचेअरवर असणाऱ्या एका लेखकाला मागच्याने ‘उठत का नाहीस’ म्हणून मारलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी विचारलं की देशभक्ती अशी बाहीवर मिरवायची कशाला. ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानं आपलाच आदेश सौम्य केला. राष्ट्रगीत वाजवायचं की नाही ते थिएटरवाल्यांनी ठरवावं. वाजलं तर हजर असलेल्यांनी आदर राखावा. मुंबईत ते अजूनही सर्रास वाजतं. सवय म्हणा, किंवा बंद करणारा पहिला कोण होणार ही भीती म्हणा.

मला विचाराल तर उभं राहणं ही रीत आहे, आणि रीत पाळायला मला जड जात नाही. पण तोंड उघडायला लावणं हा वेगळा मामला. शाळेत पी.टी.चे सर ‘सावधान! एक साथ राष्ट्रगीत शुरू कर!’ अशी आरोळी ठोकायचे, तेव्हा आम्ही अर्धी पोरं नुसते जबडे हलवायचो. ‘तव शुभ नामे जागे’चा अर्थ मला चाळिशीत कळला.

आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला झेंडावंदन असतं. गेल्या खेपेला ब्लूटूथचा स्पीकर ‘विंध्य हिमाचल’ला धापा टाकून बंद पडला. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग तळमजल्यावरच्या काकूंनी उचललं आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागे, आपापल्या पट्टीत. बावन्न सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. आमचा वॉचमन नेपाळचा आहे. तो गेटपाशी टोपी घालून, टाचा जुळवून, ताठ उभा होता. त्यानं एक शब्द म्हटला नाही. इतक्या वर्षांत त्याला ते कोणी विचारलेलंही नाही.